न मोजलेलं पाणी

गोळा टाकीवर पडला तेव्हा मी झिऱ्यात कमरेइतकी उतरून खारं पाणी उपसत होते. दणका ऐकला, पण मान वर केली नाही. टोपीकरांची गलबतं पाडव्यापासून आमच्या बेटाभोवती नांगरून पडली होती. गोळे रोजचेच. दर गोळ्याला मान वर केली असती तर ओहोटी निघून गेली असती.

माझी सासू भिकाय वरच्या कातळावर कालवं फोडत बसली होती. ती म्हणाली, "राही, कोटात पडला ह्यो. पण कोण रडत नाय बघ."

"मेली असतील सगळी."

"एकटादुकटा मेला की रडणं ऐकू येतं. गप कधी बसतात ठाव हाय? सगळ्यांचंच काय तरी जातं तेव्हा."

म्हातारीचं खरं निघालं. थोड्या वेळानं माझा नवरा येसनाक बुरुजावरून खाली आला. तोंडाला तोफेच्या दारूची काजळी, डोळे लाल.

"मोठी टाकी फुटली," तो म्हणाला. "तळाला भेग गेलीय. समदं पाणी समुद्रात गेलं."

"आन धाकटी?"

"धाकटीत चार दिसांचं असंल. टोपीकराला नेमकी जागा कशी सापडली म्हणतेस? कारखानिसानं दावली. तो त्यांच्यातच जाऊन बसलाय."

भिकायनं हातातलं कालव फोडलं, आतलं मांस तोंडात टाकलं आणि म्हणाली, "मग आता कोटवाल्यांना कळंल, तहान कशाला म्हणतात ते."

कातळदुर्ग दोन तुकड्यांचा होता. वर मोठा कोट. त्यात गडाच्या प्रमुखाचा, म्हणजे हवालदाराचा वाडा, देवीचं देऊळ, दारूकोठार आणि दोन टाक्या. खाली समुद्राच्या तोंडावर पडकोट. शत्रू आला की पहिला मार पडकोटावर बसतो, म्हणून तिथं आम्हा महारांची वस्ती. पहारा आमचा, मरण आमचं, पाणी त्यांचं. टाकीच्या पायऱ्यांवर आमची सावली पडलेली चालत नसे. रोज सकाळी दिंडीदरवाजाबाहेर मडकी मांडायची आणि वरून कोणी ओतलं तेवढं घ्यायचं. ते एका जेवणाला पुरत नसे. म्हणून आमच्या कुठल्या तरी आजीपणजीनं कातळातली ती फट शोधली होती. आमचा झिरा.

हा झिरा भरतीत समुद्राखाली जायचा. ओहोटीला उघडा पडला की आधी साचलेलं खारं पाणी करवंट्यांनी उपसून फेकायचं. मग गप बसायचं. घाई केली, ढवळलं, तर पाणी मचूळच राहायचं. दम धरला की तळाच्या फटीतून गोडं पाणी चढायला लागायचं, थंड, जरासं गंजाच्या चवीचं. भरतीची पहिली लाट आत यायच्या आधी जेवढं भरता येईल तेवढं भरायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बायका कालवं वेचताहेत. टोपीकरांनाही तेच वाटत असणार.

त्या कारखानिसाचं आणि माझं जुनं होतं. आपाजी त्याचं नाव. गडावरचं धान्य, दारू, तेल, पाणी, सगळं त्याच्या ताब्यात. खुणा केलेली एक काठी घेऊन तो रोज सकाळी टाकीत उतरायचा आणि पाणी मोजायचा. गडावर त्यानं न मोजलेली वस्तू नव्हती. आदल्या उन्हाळ्यात माझ्या पोराला ताप भरला. ऐन भरती होती, झिरा पाण्याखाली. मी मडकं घेऊन दिंडीदरवाजापाशी उभी राहिले. आपाजी वर सज्जात पान खात होता. मी म्हणाले, "मायबाप, पोर तापलंय." तो म्हणाला, "सकाळचं वाढणं झालं. आता उद्या." ओरडून नाही, शिवी देऊन नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. ओहोटी लागायच्या आत पोर गेलं.

टाकी फुटली आणि कोटातली पोरं तहानेनं रडायला लागली. हवालदाराच्या लक्षात एक गोष्ट आली: पडकोटातली पोरं रडत नव्हती. त्यानं आम्हाला बोलावणं धाडलं. मी आणि भिकाय दिंडीदरवाजाबाहेर उभ्या राहिलो. हवालदार निंबाजी परब आत उंबऱ्याशी, शेजारी देवीचा पुजारी बाळंभट. वर तटावर तोफांपाशी गोलंदाज बसले होते, ओठ फुटलेले.

"जोहार मायबाप," भिकाय म्हणाली.

"तुमच्याकडं पाणी कुठून येतं?" हवालदारानं विचारलं.

"झिरा हाय मायबाप. पयल्यापास्नं हाय."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"इचारलं कुणी नाय," मी म्हणाले.

सासूनं मला कोपर मारलं. हवालदार वाईट माणूस नव्हता. शिपाई होता, रोखठोक. पण दहा वर्षं त्या गडावर राहून त्याला ठाऊक नव्हतं की त्याचे पहारेकरी काय पितात.

"किती माणसांना पुरेल?"

"दोन्ही ओहोट्यांना समद्या बायका लागल्या तर गड जगंल. पोट भरून नाय. जगंल."

हवालदारानं बाळंभटाकडं पाहिलं. बाळंभटानं आधीच विचार करून ठेवला होता. बोटातली अंगठी फिरवत तो म्हणाला, "सोय आहे हवालदार. घागरीत सोनं बुडवलं की पाणी शुद्ध होतं. ही अंगठी प्रत्येक घागरीत टाकू, मी मंत्र म्हणेन. कुणाला दोष लागणार नाही."

"भटजी," मी म्हणाले, "मग आमच्या झिऱ्याची यातायात कशाला? ती अंगठी समुद्रात टाका. अख्खा समुद्र शुद्ध व्हईल. त्योच प्या."

वर तटावर एक गोलंदाज खो खो हसला. फुटलेला ओठ दुखला असावा, हसता हसता त्यानं तोंडावर हात दाबला. बाळंभट लाल झाला.

"तुझी जीभ फार चालते गं," हवालदार म्हणाला.

"ओली हाय म्हणून चालते."

आता हवालदाराच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो म्हणाला, "बोल. तुला काय पाहिजे?"

भिकाय माझा पदर ओढत होती. तिला जमीन, धान्य, एखादं लुगडं असं काहीतरी मागायचं होतं. मी पदर सोडवून घेतला.

"सोनं नाय, मंतर नाय. झिऱ्याचं पाणी झिऱ्याचं म्हणून प्यायचं, समद्यांनी, आमच्या घागरीतनं. आन टाकी दुरुस्त झाली, भरली, की आम्ही टाकीत उतरून भरणार."

"ते माझ्या हातात नाही."

"मग झिरा पण माझ्या हातात नाय. समुद्राच्या हातात हाय. इचारा त्येला."

"मी तुझी मान उडवू शकतो."

"उडवा. मग उपसाय कोण उतरणार? ढवळलं तर खारं येतं मायबाप. तुमच्या माणसांना शिकाय आठ दिस लागतील. धाकट्या टाकीत चार दिसांचं हाय."

हवालदारानं मागं वळून वाड्याकडं पाहिलं. आत कोणाचं तरी मूल घसा बसलेल्या आवाजात रडत होतं. त्याचंच असावं.

"दिलं वचन," तो म्हणाला.

"बेलभंडार उचला."

"महारणीपुढं?"

"महारणीचं पाणी पिणार ना?"

त्यानं देवळातून बेल आणि भंडारा मागवला आणि उचलला. बाळंभट तोंड फिरवून उभा होता. त्या दुपारी पहिली घागर कोटात गेली. हवालदार सगळ्यांसमोर आधी प्याला. मग गोलंदाज, मग शिपाई, मग बायकापोरं. बाळंभट रात्रीपर्यंत टिकला. तोही प्याला. घोट घोट नाही, घटाघटा.

अशानं गड जगला. पण टोपीकर गेले नाहीत. त्यांना घाई नव्हती. आपाजीनं त्यांना हिशेब दिला होता: मोठी टाकी गेली, धाकटीत इतकं, माणसं इतकी, म्हणजे अमुक दिवशी गड हात जोडून दार उघडेल. तो दिवस आला आणि गेला. गडावरून तोफा चालूच. मग एका सकाळी पांढरं फडकं लावून एक मचवा निघाला. पुढच्या टोकाला, नाळेवर, आपाजी स्वतः, सोबत त्याचा चुलतभाऊ आणि मेहुणा. दोघेही त्याच्याबरोबरच फुटून गेलेले, आता टोपीकरांचे दुभाषी झालेले.

"बोलणी करायला येतोय," हवालदार म्हणाला. "खरं तर बघायला येतोय, आपण अजून मेलो कसे नाही ते."

मी तेव्हा घागर घेऊन दरवाजापाशी होते. म्हणाले, "मायबाप, त्येला पाणी द्या."

"त्याला? त्या फितुराला?"

"दारात आलेल्याला पाय धुवाय आन प्यायला पाणी देत्यात ना? तसं द्या. भरपूर. तुमच्या शिपायाच्या हातानं, तांब्यातनं. आन तो परत निघाला की मला पायऱ्यांवर उभं राहू द्या. एवढंच."

"तू काय करणार?"

"जोहार करणार."

त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. पण झिऱ्यानं एवढं केलं होतं की दोघांनाही एकमेकांचं ऐकायची सवय लागली होती.

आपाजी धक्क्यावर उतरला. अंगावर नवं उपरणं, चेहऱ्यावर कीव.

"हवालदार, उगाच पोरंबाळं मारू नका," तो म्हणाला. "पाणी संपलंय तुमचं. मी मोजून गेलोय."

"आधी पाय धुवा कारखानीस. उन्हातून आलात."

शिपायानं त्याच्या पायांवर तांब्या रिकामा केला. मग दुसरा. मग भावाच्या आणि मेहुण्याच्या पायांवर. पाणी पायऱ्यांवरून खळखळत समुद्रात गेलं. आपाजीची नजर त्या ओघाबरोबर शेवटच्या पायरीपर्यंत गेली.

"पाणी घ्या," हवालदार म्हणाला.

आपाजीनं ओंजळ पुढं केली. तहान होतीच, पण त्याहून जास्त त्याला चव बघायची होती. गोडं की मचूळ ते कळायला हवं होतं. तो प्याला, थांबला, पुन्हा प्याला. ते दोघेही प्याले.

"कुठलं हे पाणी?"

"गडाचं."

"गडावर एवढं पाणी नाही."

"मग काय प्यालात?" हवालदार म्हणाला. "जा, तुमच्या टोपीकराला सांगा, पावसाळाभर राहा म्हणावं. आंघोळीला वर या."

तटावरून हसणं आलं. आपाजी परत मचव्याकडं निघाला, पण सावकाश. मी पायऱ्यांच्या कडेला उभी होते आणि त्याचा चेहरा मला दिसत होता. तो मोजत होता. त्यानं वर मोठ्या टाकीच्या दिशेनं पाहिलं, ती फुटलेली. धाकटीच्या दिशेनं पाहिलं, ती कोरडी. देवळाकडं पाहिलं. मग त्याची नजर हळूहळू खाली यायला लागली, तटाच्या कडेकडेनं, पडकोटाकडं. ओहोटी होती. आमच्या बायका कातळावर वाकलेल्या होत्या.

अजून एक क्षण, आणि त्याला कळलं असतं.

"जोहार, कारखानीस," मी म्हणाले.

त्यानं दचकून पाहिलं.

"वळखलंत? येसनाकाची बायको. गेल्या उन्हाळ्यात मडकं घिऊन दारात उभी व्हते."

"मग?"

"मग काय नाय. पाणी गोड व्हतं ना? ह्या हातांनी उपसलंय. आमच्या झिऱ्याचं हाय, त्या बघा, बायका भरतायत. घागर पण आमचीच. तुम्ही पिलात, तुमचा भाऊ पिला, मेव्हणा पिला. जा, टोपीकराला बोट दावा कुठं हाय ते. आन सांगताना चव कशी हाय ते पण सांगा."

मेहुणा मचव्याच्या काठावर वाकला आणि घशात बोटं घालायला लागला. आपाजीनं त्याचा हात धरून खाली ओढला. त्याचा आवाज मी ऐकला, अगदी हळू, पण पाण्यावरून आवाज लांब जातो.

"गप. काही झालेलं नाही. कळलं ना? काही झालेलं नाही."

मचवा निघाला. हवालदार धावत माझ्यापाशी आला. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर होता.

"रांडे, गड विकलास. उद्या पहिला गोळा झिऱ्यावर पडेल."

"उद्या बघा," मी म्हणाले. ओहोटी जायच्या आत मी झिऱ्याकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टोपीकरांच्या तोफा सुरू झाल्या. मी झिऱ्यात उतरलेली होते. आता आमच्यावर येणार, आता येणार, असं म्हणत करवंट्या भरत होते. येसनाक बुरुजावरून ओरडला, "राही, देवळावर मारतायत." गोळे पडकोटावरून पार वरून जात होते, देवळामागच्या उघड्या खडकावर, जिथं काहीच नव्हतं. दिवसभर त्यांनी तो खडक फोडला. दुसऱ्या दिवशीही. पुढं त्यांचा एक खलाशी आमच्या हाती लागला. त्यानं सांगितलं, की देवळाच्या पोटात एक चोरटाकी आहे, असं कारखानिसानं कप्तानाला सांगितलं होतं.

हवालदार संध्याकाळी स्वतः पडकोटात आला. पहिल्यांदाच.

"तुला कसं कळलं, तो बोलणार नाही?"

"त्याच्या दोन पोरी लगनाच्या हायत," मी म्हणाले. "झिरा दावायचा म्हणजे आपण काय पिलो ते सांगायचं. घागर कुणाची व्हती ते भावानं, मेव्हण्यानं ऐकलंय. मग पोरींना कोण करणार? त्याला घटकाभरात समजलंच असतं मायबाप. हुशार हाय तो. आपलं आपण शोधलं असतं तर मिशीला पीळ दिऊन टोपीकराला सांगितलं असतं. त्येच्या आत त्येला सांगून ठेवणं भाग व्हतं."

हवालदार कातळावर बसला आणि हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मी हसले नाही. ज्या विटाळापायी माझं पोर तहानेनं मेलं, त्याच विटाळानं आपाजीचं तोंड शिवून टाकलं होतं. त्यात हसण्यासारखं मला काही दिसत नव्हतं. पण त्या दिवशी भाकरी मात्र गोड लागली.

ज्येष्ठात वारा फिरला. दर्या उठला. टोपीकरांच्या एका गलबताचा नांगर सुटला आणि ते पडकोटाच्या कातळावर येऊन फुटलं. बाकीच्यांनी शिडं उभारली आणि गेले. आमच्या बायका तटावर चढून त्यांना हात करत होत्या. भिकायनं तर पाठ करून लुगडं झटकलं. तटावरच्या गोलंदाजांनी ते पाहून तोफ उडवली, रिकामी, नुसत्या आनंदाची. गड राहिला.

नंतर कुणी तरी ह्या वेढ्याची बखर लिहिली म्हणतात. त्यात लिहिलंय, की देवीच्या कृपेनं टाकी आटली नाही. देवीला मी काही बोलत नाही. पण उपसताना ती झिऱ्यात कधी दिसली नाही.

टाकीची भेग चुन्यानं बुजवली. दगड आमच्याच माणसांनी वाहिले. श्रावणात टाकी काठोकाठ भरली. आणि रोज सकाळी पूर्वीसारखंच दिंडीदरवाजातून कुणीतरी आमच्या मडक्यात पाणी ओतायला लागलं. हवालदार आमच्या बाजूला फिरकेना. वचन मोडायचं नव्हतं त्याला, आणि पाळायचंही जमत नव्हतं. मी काही दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी घागर घेतली आणि दिंडीदरवाजातून सरळ आत गेले. पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. वेढ्यात ह्याच्या पोराला मी हातानं पाणी पाजलं होतं. त्यानं भाला उभा केला.

टाकीपाशी पोचले तोवर मागं अर्धा गड जमला होता. बाळंभट पायऱ्यांवर उभा.

"अडवा तिला. टाकी बाटेल."

कोणी हललं नाही.

"वेढ्यातलं वेढ्यात राहिलं," तो म्हणाला. "तो आपद्धर्म होता."

"बरं," मी म्हणाले. "मग ज्यांनी झिऱ्याचं पाणी पिलं नाय, त्यांनी फुडं या. त्यांनी मला अडवावं. बाकीच्यांनी अडवलं तर आधी स्वतः बाटलो म्हणून सांगावं. बायकांच्या माहेरी, पोरींच्या सासरी, समद्यांना निरोप धाडा. कातळदुर्गावर झाडून समदं माणूस बाटलंय."

हवालदार गर्दीच्या मागं उभा होता. लोकांनी वाट दिली तसा तो पुढं आला. बाळंभटाकडं पाहून म्हणाला, "भटजी, तुम्ही किती घागरी प्यालात?"

बाळंभट बोटातली अंगठी फिरवायला लागला.

"मी बेलभंडार उचललाय," हवालदार म्हणाला. ह्या वेळी तो माझ्याशी बोलत नव्हता, गडाशी बोलत होता. "बाजूला व्हा."

बाळंभट बाजूला झाला.

मी उतरले. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मी भिंतीला हात लावून उतरले. पाणी स्वच्छ होतं, तळाची नवी चुन्याची रेघ दिसत होती. मी आधी ओंजळ भरून प्याले. मग घागर बुडवली. ती बुडबुडत भरली.

वर आले तर भिकाय गर्दीच्या कडेला उभी. रिकामं मडकं छातीशी धरलेलं. साठ वर्षं त्या गडावर काढली होती तिनं, पण टाकी कधी पाहिली नव्हती.

"ये आत्या," मी म्हणाले.

ती काठाशी आली आणि खाली डोकावली. सगळा गड बघत होता.

"लय खोल हाय का गं?" तिनं विचारलं.

"हाय. पण पायऱ्या हायत."